अवेळची भैरवी

दिवाळीचे दिवस म्हणजे गाण्याचेही दिवस. पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान करायचे, फराळाचे दोन घास पोटात ढकलायचे, कानात अत्तराचा फाया घालायचा आणि दिवाळी पहाटेच्या बैठकीला जाऊन बसायचे, ही रीत आता पुण्या-मुंबईहून आमच्यासारख्या तालुक्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचली आहे. हा अंक हाती घेणाऱ्यांपैकी काही मंडळी अशाच एखाद्या बैठकीहून नुकतीच परतली असतील. अशा वेळी बिघडलेल्या मैफलींचा विषय काढणे म्हणजे अनारशांच्या ताटात कारले वाढण्यासारखे आहे, हे मला समजते. तरीही काढतो.

कारण असे की, रंगलेल्या मैफलींविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मोडलेल्या मैफलीविषयी मात्र आपण घरी परतताना रस्त्यात चार शब्द बोलतो आणि सकाळी ते विसरून जातो. नाटक पडले तर ते का पडले याची चर्चा होते. कादंबरी फसली तर, हे मी स्वानुभवाने सांगतो, ओळखीचे लोकही पत्रे लिहून तिचे दोष दाखवतात. मैफल फसली तर एकच वाक्य ठरलेले असते : "बुवांचा आवाज आज लागला नाही." इतक्या सोप्या निकालाने गायकाखेरीज बाकी सारे निर्दोष सुटतात. हा निकाल मला मान्य नाही. म्हणून हे थोडे परीक्षण.

मी गाण्यातला जाणकार नव्हे. शाळामास्तर आहे, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. कोमल ऋषभ आणि शुद्ध ऋषभ यांतला फरक मला दहा वेळा ऐकावा तेव्हा एकदा कळतो. तेव्हा माझा अधिकार तो काय, असे कोणी विचारील. माझा अधिकार एवढाच की, एक चांगली मैफल मोडण्यात माझा स्वतःचा हात होता.

ती गोष्ट १९९७ सालच्या गणेशोत्सवातली. मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होतो. रावेर म्हणजे केळीचे गाव. दिवसभर घड कापून, गाड्या भरून थकलेली माणसे रात्री जेवून पेठेत जमत, आणि गणपतीच्या दहा दिवसांत त्यांच्यापुढे पडद्यावरचा सिनेमा, ऑर्केस्ट्रा, नकला असे काही ना काही असे. त्या वर्षी एका मंडळाने एका रात्री शास्त्रीय गायन ठेवले. त्यामागे आमचे प्राथमिक शाळेतले गुरुजी होते. गुरुजी पेटी वाजवीत. "वर्षातून नऊ रात्री तुमच्या, एक रात्र मला द्या," असे म्हणून त्यांनी मंडळाच्या पोरांचे मन वळवले होते. बुवा बाहेरगावचे होते. साठीच्या घरातले, सडपातळ, पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी शाल घेतलेले. त्यांचे नाव सांगत नाही. इतक्या वर्षांनी ते नाव माझ्या तोंडी येणे बरे नव्हे.

कार्यक्रमाची वेळ आठची होती. बुवा साडेसातलाच येऊन स्टेजच्या मागे तंबोरे लावीत बसले. प्रमुख पाहुणे पावणेनऊला आले. मग दीपप्रज्वलन झाले, मग सत्कार. शाल, नारळ, हार. पुन्हा शाल, नारळ, हार. मंडळाला मांडवाचे बांबू देणाऱ्यापासून तालुक्याच्या पुढाऱ्यांपर्यंत सगळ्यांचे सत्कार आणि दोघातिघांची भाषणे आटोपता साडेनऊ झाले. साडेदहाला बक्षिसांची सोडत ठरलेली. म्हणजे ज्यांच्यासाठी हा मांडव त्या रात्री उभा होता, त्यांच्या वाट्याला एक तास उरला.

बुवा बसले. ध्वनिक्षेपकाने आधी एक लांबलचक शीळ घातली. यंत्र सांभाळणाऱ्याने ती बंद करण्यासाठी काहीतरी फिरवले, तर बुवांचा प्रत्येक शब्द तीन-तीनदा घुमू लागला. तबल्याचा डग्गा छातीत धडकत होता आणि तंबोरा कोठे ऐकूच येत नव्हता. बुवांनी दोनदा हाताने खूण केली, मग खूण करणे सोडून दिले आणि डोळे मिटून गाऊ लागले. गुरुजींनी पुढे सांगितले म्हणून कळले की तो यमन होता. आम्हांला तेव्हा एवढेच कळत होते की, एकच ओळ फिरून फिरून येते आहे. आजूबाजूला केळीच्या वेफर्सच्या पिशव्या कुरकुरत होत्या. मुले स्टेजखाली लपाछपी खेळत होती. उशिरा येणाऱ्यांना "या, या, इकडे बसा" असे आग्रह चालले होते. आमच्यातला एकजण जांभई देत म्हणाला, "झोप लागली ना भो!"

आणि मी चिठ्ठी लिहिली. आमच्या टोळीत माझे अक्षर बरे, म्हणून ते काम माझ्याकडे आले, अशी मी मनाची समजूत घालीत असे. खरे म्हणजे मलाही ते हवे होते. "हे पुरे झाले. आता काहीतरी ओळखीचे म्हणा. अभंग किंवा सिनेमातले." चिठ्ठी हातोहात पुढे गेली. बुवांनी चालू आवर्तन पुरे केले, समेवर आले, चष्मा लावून चिठ्ठी वाचली. मला वाटले, आता रागावतील. ते रागावले नाहीत. त्यांनी तबलजीला काहीतरी सांगितले आणि दुसरेच काही गायला सुरुवात केली.

ते फार गोड होते. दहा मिनिटांत मांडव शांत झाला. टाळ्या पडल्या. माझ्या पाठीवर थाप पडली : "पाहिलं? चिठ्ठी लागू पडली!" बुवांनी हात जोडले, शाल सारखी केली. लोक पुढच्या गाण्याची वाट पाहत बसून राहिले. मांडवात एकटे गुरुजी उठले आणि खाली मान घालून आपल्या वहाणा शोधू लागले. निवेदक "यानंतर बुवा आपणांला" असे म्हणतो आहे तो बुवा स्टेजच्या पायऱ्या उतरलेले होते. दहा वाजून पाच मिनिटे झाली होती.

आठवड्याने गुरुजी बाजारात भेटले. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून ती चिठ्ठी काढून माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "अक्षर सुधारलं तुझं." आणखी काही बोलले नाहीत. मीच न राहवून विचारले, की बुवा असे मध्येच का उठले? तेव्हा म्हणाले, "मध्येच कुठं? भैरवी झाली ना. भैरवीनंतर गाणं नसतं, बाळ."

भैरवी खरी सकाळची रागिणी. पण मैफल कोणत्याही वेळी संपो, शेवट भैरवीने करावा असा आपल्याकडे संकेत आहे. भैरवी झाली की जाणत्यांनी उठावे. म्हणजे आम्ही ज्याला आमचा विजय समजत होतो, ते बुवांनी शांतपणे दाराला घातलेले कुलूप होते. आणि आम्ही त्या बंद दारापुढे टाळ्या वाजवीत बसलो होतो.

ही मैफल कोणी मोडली? पुष्कळ वर्षे माझे उत्तर एकच होते : मी. पुढे गाणे ऐकण्याचा नाद लागला. मिळेल त्या गाडीने भुसावळ, जळगाव गाठून, कधी सुट्टीत पुण्यापर्यंत जाऊन बऱ्यावाईट अनेक मैफली ऐकल्या, तेव्हा ध्यानात आले की चिठ्ठी हा शेवटचा घाव होता. त्याआधी त्या मैफलीला तीन ठिकाणी तडे गेले होते.

पहिला तडा वेळेचा. ख्यालगायनाला वेळ लागतो, तो गायकाच्या लहरीमुळे नव्हे. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचे एकच आवर्तन अतिविलंबित लयीत पाऊण मिनिट, कधी मिनिटभरही चालते. गायक एकेका स्वराची जागा नीट सारवून घेत वर चढतो. तार षड्जापर्यंत पोहोचायला पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. तेथपर्यंत श्रोत्याने केलेल्या प्रतीक्षेचे फळ त्या एका षड्जात असते. आम्ही बुवांना पंचवीस मिनिटेही दिली नाहीत. घराचा पाया खणून होतो न होतो, तोच "छप्पर कोठे आहे?" असे विचारले.

आणि ही वेळ खाल्ली होती सत्कारांनी. गवयाला आधी तिष्ठत ठेवायचे आणि मग "थोडक्यात आटपा" म्हणायचे, ही आपली खोड जुनी आहे. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकत होते. एका समारंभाचे निमंत्रण शिष्याला आले आणि गुरूला आले नाही. गवयाला कशाला बोलवायचे, असा त्यामागचा भाव. तो त्यांना लागला. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडले, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाण्याइतकाच गाणाऱ्याला मान मिळवून देण्यासाठी त्यांनी पुढचे आयुष्य घालवले. ठरलेल्या वेळी बैठक सुरू करण्याविषयी त्यांचा मोठा लौकिक होता. पाहुण्यांच्या मोटारीची वाट पाहणाऱ्या मंडळांनी हा एक धडा जरी घेतला, तरी निम्म्या मैफली वाचतील.

आता तर वेळेचा प्रश्न अधिकच अवघड झाला आहे. ध्वनिप्रदूषणाविषयीचे नियम २००० साली झाले. त्यांनुसार उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावता येत नाही. उत्सवांसाठी वर्षातले फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. हा नियम योग्यच आहे. आजारी माणसाला आणि परीक्षेच्या पोराला झोप लागली पाहिजे. पण त्याची किंमत रात्रीच्या रागांना द्यावी लागली. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालत आला आहे. तेथे एके काळी रात्रभर गाणे चाले आणि पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत. आता मालकंस, दरबारी यांना घड्याळाकडे पाहत उरकावे लागते, आणि ललित, भटियार यांच्यासाठी सकाळची निराळी सभा मांडावी लागते. बंदिस्त सभागृहाच्या आतल्या गाण्याला हा नियम आड येत नाही, पण तालुक्याच्या गावात तसे सभागृह कोठून आणायचे? म्हणून सांगायचे ते हे की, ज्या मैफलीला दहाचा दरवाजा आहे, तिथे भाषणाचा एकेक मिनिट गायकाच्या गळ्यातून कापला जातो. पूर्वी भाषणे लांबली तर गाणे पहाटेकडे सरकत असे. आता ते नुसते लहान होते.

दुसरा तडा ध्वनीचा. याचा विचार करताना मला नेहमी बालगंधर्वांची आठवण होते. त्यांच्या लहानपणीची काही वर्षे आमच्या जळगावात गेली, आणि गाण्याचे पहिले धडे त्यांना तेथे मिळाले. जळगावला त्यांच्या नावाने दरवर्षी जानेवारीत संगीत महोत्सव भरतो, त्याला आम्ही रावेरची मंडळी जाऊन येतो. बालगंधर्व १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत आले, १९१३ मध्ये त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. त्यांची उमेदीची वर्षे ध्वनिक्षेपकावाचून गेली. तो आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाई, याला गळ्याची तयारी कारण होतीच. पण शेवटच्या रांगेतला माणूस तो ऐकण्यासाठी श्वास धरून बसे, हेही कारण होते. आवाज लहान असला की कान मोठे होतात. आवाज यंत्राने मोठा केला की कान आळसावतात.

ध्वनिक्षेपक वाईट नव्हे. त्याच्यामुळे किराण्यासारख्या नाजूक गायकीतली कुजबुज हजारोंना ऐकू गेली. वाईट आहे ते त्याचे अज्ञान. शीळ का वाजते? कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो, तो मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून येतो, आणि हे चक्र थांबत नाही म्हणून. उपाय साधा आहे. कर्णे गायकाच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. घुमारा काढून टाकावा. आणि तंबोऱ्याला स्वतंत्र मायक्रोफोन द्यावा, कारण तंबोरा ही गाण्याची भिंत आहे. भिंत काढून घेतली तर चित्र कशावर काढणार?

आणि कानांचाही हिशेब आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी आठ तास सोसावा, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करावी, असा एक दंडक आहे. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधराच मिनिटे उरतात. आमच्याकडच्या मिरवणुकांतल्या कर्ण्यांच्या भिंतींपुढे मुले तासन्तास नाचतात. दुसऱ्या दिवशी वर्गात "सर, कानात शिट्टी वाजते" म्हणून सांगतात. ज्या कानाला सतत भिंतीएवढा आवाज लागतो, त्याला तंबोऱ्याची जवारी कशी ऐकू यावी? मैफल मांडवात मोडते खरी, पण तिच्या मोडण्याची तयारी अशी रस्त्यावर आधीच झालेली असते.

या दोन्ही तड्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आलेला माणूस म्हणजे ऐकायला आलेला जीव, असे न मानता केवळ गर्दीचा आकडा मानणे. या बेपर्वाईचे टोक फार भयंकर आहे. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरी ५ नोव्हेंबर २०२१ रोजी अशाच एका अफाट जलशात चेंगरून दहाजण मेले. आपल्याकडे २५ नोव्हेंबर २०२३ रोजी कोचीच्या विद्यापीठात गाण्याच्या कार्यक्रमाआधी पाऊस आला, बाहेरची मुले आसऱ्याला एकदम आत लोटली आणि पायऱ्यांवर चौघांचा जीव गेला. गाणे ऐकायला गेलेले मूल घरी परत येऊ नये, याहून वाईट मैफल कोणती? तेव्हा दारे किती, वाट किती रुंद, पाऊस आला तर लोक कोठे जाणार, हे प्रश्न रुक्ष खरे; पण आयोजकाने गाण्याआधी विचारायचे ते हेच.

आता तिसरा तडा, आमचा. श्रोत्यांचा.

श्रोत्याने काही मागूच नये, असे माझे म्हणणे नाही. आपल्या संगीत रंगभूमीवर मागणाऱ्यांची परंपरा मोठी आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईला टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. एकमेकांचे प्रतिस्पर्धी मानले गेलेले दोन गायक एका रंगमंचावर आले, आणि त्या रात्रीच्या आठवणी लोकांनी पिढ्यान्पिढ्या सांगितल्या. त्या काळी पदांना 'वन्स मोअर' मिळत, आणि प्रयोग पहाटेपर्यंत चालत. नाट्यदृष्ट्या ते बरोबर होते की नाही, यावर वाद घालता येईल. पण 'वन्स मोअर' आणि माझी चिठ्ठी यांत एक मोठा फरक आहे. 'वन्स मोअर' म्हणणारा जे मिळाले तेच पुन्हा मागतो. तो ऐकून तृप्त झालेला असतो आणि त्या तृप्तीने अधिक भुकेला झालेला असतो. चिठ्ठी लिहिणाऱ्याने जे मिळते आहे ते ऐकलेलेच नसते. पहिली दाद आहे, दुसरी ताकीद आहे.

न ऐकता टाळी वाजवणे हाही त्यातलाच प्रकार. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या मदतीसाठी मोठा जलसा झाला. रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ यांनी वाद्ये जुळवली, आणि जुळवणी थांबताच हजारोंनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा, सुरात लावणे एवढे आवडले तर वादन याहून अधिक आवडेल अशी आशा करतो, असे रविशंकर हसून म्हणाले. तेथे अज्ञान होते, पण आदर होता. म्हणून वादन पुढे चालले. आमच्या मांडवात अज्ञान होते आणि आदर नव्हता.

इतके झाल्यावर गवई मंडळींनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर हे परीक्षण एकतर्फी होईल. तबल्याचे चामडे हवेतल्या ओलाव्याने उतरते, दिव्यांच्या उष्णतेने चढते, म्हणून वाद्ये मधूनमधून लावावी लागतात हे मान्य. पण पडदा वर गेल्यावर अर्धा तास ठोकाठोक करणारे, गळा दाखवण्यासाठी तानांच्या लडी सोडून रागाचा जीव घेणारे, आणि टाळी मिळते म्हणून तबल्याशी सवाल-जबाबाची कुस्ती लांबवणारे कलावंतही मी पाहिले आहेत. त्यांनी श्रोत्यावर विश्वास टाकलेला नसतो. संथ आलापी याला पेलणार नाही, असे त्यांनी आधीच ठरवलेले असते. तेही गाण्याआधीच श्रोत्याला चिठ्ठी लिहून मोकळे झालेले असतात.

आणि आमच्या बुवांचे काय? इतकी वर्षे मी त्यांच्या त्या शांतपणाला मनोमन वंदन करीत आलो. त्यांनी अपमान गिळला, शब्द उच्चारला नाही, गोड भैरवी म्हटली आणि निघून गेले. पण आता या वयात मला त्यांच्याविषयीही एक तक्रार सुचते, आणि ती लिहितो.

किशोरी आमोणकर (त्यांचे निधन ३ एप्रिल २०१७ रोजी झाले) मैफलीत कडक वागत, म्हणून त्यांच्याविषयी पुष्कळ बोलले गेले. श्रोत्यांत गडबड झाली तर त्या गाणे थांबवीत, समज देत, आणि पुन्हा गात. पुष्कळांना तो गर्व वाटे. आपल्या आईची, मोगूबाई कुर्डीकरांची, आयोजकांनी पूर्वी केलेली हेळसांड त्यांनी लहानपणी डोळ्यांनी पाहिली होती, हे त्या सांगत. तेवढ्याने त्यांच्या कडकपणाचा उलगडा होतो. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मास्तर म्हणून दिसते. वर्गात ज्या मुलावर आपण रागावतो, त्याची आशा आपण सोडलेली नसते. ज्याची आशा सोडली, त्याला आपण काही बोलत नाही, त्याच्याशी गोडच वागतो. गाणे थांबवून "नीट ऐका" म्हणणाऱ्या गायिकेला समोरचा माणूस ऐकू शकेल असे वाटत असते. आमच्या बुवांना आमच्याविषयी तसे वाटले नाही. त्यांनी आम्हांला रागावण्याच्या लायकीचे मानले नाही. ती भैरवी जितकी गोड होती तितकी कठोर होती.

आणि त्या मांडवात गुरुजी होते. वर्षातली एक रात्र मागून घेतलेले. त्यांच्यासारखे आणखी दहा-पंधराजण असतील. त्यांचा यमन अर्ध्यावर राहिला. बुवांनी चष्मा काढून आम्हां पोरांना दोन शब्द सुनावले असते, तर आमच्यातले चारजण कदाचित उठून गेले असते, आणि उरलेले कदाचित ऐकू लागले असते. मीही त्यांत असतो. मला त्यासाठी पुढे कितीतरी वर्षे लागली. हे लिहिण्याचा अधिकार चिठ्ठी लिहिणाऱ्याला नाही, असे कोणी म्हटले तर तेही खरेच.

तेव्हा माझा निकाल असा : मैफल ही तिघांची असते, आयोजकाची, गायकाची आणि श्रोत्याची. तिघांपैकी कोणीही एकाने दुसऱ्यासाठी थांबण्याचे सोडले की ती मोडते. सुराचे चुकणे तिला सहन होते, पण धीर सुटलेला तिला सोसत नाही. त्या रात्री आयोजकांनी गायकासाठी धीर धरला नाही, आम्ही रागासाठी धरला नाही, आणि शेवटी बुवांनी आमच्यासाठी धरला नाही. सर्वांत कमी दोष अर्थात त्यांचा.

गुरुजी आता नाहीत. त्या मंडळाने पुन्हा कधी शास्त्रीय गायन ठेवले नाही. "लोकांना आवडत नाही, मागं एकदा करून पाहिलं," असे त्यांच्याकडून ऐकले, तेव्हा मी काही बोललो नाही.

गेल्या कोजागिरीला आमच्या एका सहशिक्षकांच्या गच्चीवर पंचवीस-तीस माणसे जमली होती. सतरंजी, मसाला दूध, वर चंद्र. ध्वनिक्षेपक नव्हता. सत्कार एकच होता, तोही गाणे झाल्यावर, एका फुलाचा. तालुक्यातलीच एक तरुण मुलगी गायला बसली. तिने यमन घेतला. आवाज लहान होता, म्हणून सगळे थोडे पुढे सरकून बसले. माझ्या शेजारी माझ्याच वर्गातला एक मुलगा होता. पाच मिनिटांनी तो कानाशी येऊन म्हणाला, "सर, यांना ओळखीचं काहीतरी म्हणायला सांगा ना."

मी म्हणालो, "थांब थोडा. आता ओळख होते आहे."

तो थांबला. मधून चुळबूळ केली, एकदा जांभई दिली, पण थांबला. ती मुलगी वरच्या षड्जावर जाऊन टेकली तेव्हा त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. पाऊण-एक तासाने भैरवी झाली, तिच्या वेळेवर झाली, आणि सगळे उठले.

या दिवाळीत आपण कोठे गाणे ऐकायला जाल, तर खिशात कागद-पेन्सिल खुशाल असू द्या. आवडलेल्या रागाचे नाव टिपून घ्यायला ते उपयोगी पडते.